फुगलेला मावा आणि बरणीतून निघालेले दोन पाहुणे

प्रश्न : मॅडम, नमस्कार. जुन्नर तालुक्यात आमचा ३० गुंठे कोबी आहे, लागण दिवाळीच्या आधीची. गड्डे वळायला लागले आणि मावा दिसला, पानातला रस शोषणारा बारीक किडा. राखाडी, अंगावर पीठ शिंपडल्यासारखा. खालच्या पानांवर त्याच माव्यात काही दाणे वेगळे आहेत. फुगलेले, गोल, भाजलेल्या तिळाच्या रंगाचे, अजिबात न हलणारे. औषधांचा दुकानदार म्हणाला, ही माव्याची अंडी, फुटली की प्लॉट गेला, आजच फवारा. वडील म्हणाले, असले दाणे मी आयुष्यभर बघतोय, काही होत नाही. दोघांच्या मध्ये मी. शेवटी एक पान काचेच्या बरणीत घालून वर रुमाल बांधला. पाचव्या दिवशी त्यातून डासापेक्षाही लहान, काळसर, बारीक कमरेच्या, लांब मिशांच्या सात-आठ माश्या निघाल्या. नवव्या दिवशी आणखी तीन निघाल्या, पण त्या वेगळ्या. उन्हात धरल्या तर हिरव्या चमकतात. मोबाईलवर फोटो टाकून पाहिला. एका ॲपने ‘उडणारी मुंगी’ सांगितलं, दुसऱ्याने ‘फळमाशी’. फोटो सोबत पाठवले आहेत. ही नेमकी जात कोणती? दोन्ही एकच का? आणि फवारू की नको?
— एक तरुण शेतकरी, जुन्नर तालुका

उत्तर : पंप आज उचलू नका. बाकीचं सावकाश वाचा.

दुकानदाराचं म्हणणं आधी निकालात काढू. आपल्याकडच्या शेतात मावा अंडी घालत नाही. थंड मुलुखात हिवाळ्याच्या तोंडावर माव्यात नर तयार होतात, मिलन होतं आणि माद्या अंडी घालतात, कारण बर्फातून पार पडायला अंडंच लागतं. आपल्या उबदार हवेत ती गरजच पडत नाही. इथे सगळ्या माद्याच असतात, त्या नराशिवाय थेट जिवंत पिल्लं टाकतात, आणि गंमत म्हणजे त्या पिल्लाच्या पोटातही पुढची पिल्लं वाढीला लागलेली असतात. आई, मुलगी, नात एकातएक. म्हणून तर आज चार मावे दिसतात आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी पान दिसेनासं होतं. तेव्हा कोबीवर माव्याची अंडी दाखवणाऱ्याला तुम्ही खुशाल विचारा, की बाबा, घातली कोणी?

तुमचे वडील बरोबर आहेत, फक्त त्यांनी कारण सांगितलं नाही.

तो भाजलेला तीळ म्हणजे माव्याचंच कातडं आहे. आतला मावा संपलेला. आम्हा कीटकशास्त्रवाल्यांत त्याला मराठीतही ‘ममी’च म्हणतात आणि शब्द चपखल आहे. आत माव्याऐवजी दुसराच जीव झोपलेला असतो. खात्री करायची तर पान उलटं धरून टिचकी मारा. जिवंत मावा हलेल, पाय झाडेल, एखादा पडेलही. ममी पडणार नाही, कारण ती पानाला डकवलेली असते. कोणी डकवली, तर आतल्या अळीने. या माशीची मादी जिवंत माव्याच्या अंगात एक अंडं सोडते. अंड्यातून निघालेली अळी माव्याच्या अंगातच वाढते आणि त्याचं मर्मस्थान शेवटपर्यंत राखून ठेवते. त्यामुळे मावा बरेच दिवस चालतो, रस शोषतो, वरून काही कळत नाही. लहानपणीच टोचला गेलेला मावा मात्र बहुधा एकही पिल्लू न टाकता मरतो. अळी पुरती वाढली की ती माव्याच्या पोटाला खालच्या बाजूने चीर पाडते, आपल्या तोंडातल्या रेशमाने ते कातडं पानाला चिकटवते आणि मग आत कोश विणून बसते. टोचल्यापासून ममी व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस, आणि ममीतून माशी बाहेर यायला आणखी चार-सहा दिवस. थंडी जास्त असेल तर यापेक्षाही जास्त.

आता बरणीतले पाहुणे.

तुमचा पाचवा फोटो बघून मला तुमच्या अंगठ्याची नीट ओळख झाली, माशीची नाही. पण दुसरा आणि सहावा फोटो चांगले आहेत. रिकाम्या ममींचा तर फारच चांगला. जात ओळखताना लोक माशीकडे धावतात. मी आधी भोक बघते. तुमच्या फोटोतल्या चार ममींना मागच्या टोकाकडे गोल भोक आहे, कडा कंपासने कापल्यासारखी गुळगुळीत, आणि एकीला तर कापलेलं झाकण अजून बिजागरीसारखं लटकतंय. त्याच पानावर वरच्या कोपऱ्यात दोन ममी आहेत, त्यांची भोकं वेडीवाकडी, उंदराने कुरतडल्यासारखी. म्हणजे बरणीत काय घडलं ते माशी न बघताही अर्धं सांगता येतं. इथून दोन वेगवेगळे कीटक बाहेर पडले आहेत.

गोल भोकातून निघाली ती काळसर, लांब मिशांची. माव्याला मारणारी हीच.

वेड्यावाकड्या भोकातून निघाली ती हिरवी चमकणारी. हिने माव्याला मारलेलं नाही. हिने पहिलीच्या अळीला मारलं.

या वाक्यापाशी मी जरा थांबते, कारण यात मी स्वतः तोंडघशी पडले आहे. एम.एस्सी.ला असताना करडईवरचा काळा मावा हा माझा विषय होता. मी हंगामभर ममी गोळा केल्या, सगळ्या एकाच मोठ्या बरणीत टाकल्या आणि रोज सकाळी मोजदाद ठेवली. हंगामाच्या शेवटी शेवटी हिरव्या चमकणाऱ्या माश्याच जास्त निघायला लागल्या. मी सेमिनारमध्ये ठणकावून सांगितलं, की करडईच्या माव्यावरचा मुख्य मित्रकीटक हाच. तक्ता वगैरे काढला होता. आमच्या गाईडनी एकच विचारलं : “बाई, हिला जिवंत माव्याला टोचताना तुम्ही पाहिलंत का?” नव्हतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंग घेऊन करडईत बसले. करडईत बसणं म्हणजे काय ते सोलापूरकडच्या वाचकांना सांगायला नको, साडीची पार चाळण झाली. दोन तासांत दिसलं ते असं. काळसर माशी माव्यांच्या गर्दीत शिरते, मिशांनी एकेकाला चाचपते, एखादा पसंत पडला की पोट स्वतःच्या पायांच्या मधून पुढे वळवते, थेट डोक्याच्याही पुढे, आणि टोचते. विंचू नांगी वरून आणतो, ही खालून आणते. पापणी लवेपर्यंत काम झालेलं असतं. मावा लाथा झाडतो, मागच्या दोन नळ्यांतून चिकट थेंब सोडतो, पण उशीर झालेला असतो. आणि हिरवी? ती जिवंत माव्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. ती तयार ममीवर चढून बसायची, मिशांनी वाजवून बघायची, आणि त्या कवचातून आत भोसकायची. आत झोपलेल्या अळीवर अंडं घालायला. चोरावर मोर. माझा सगळा तक्ता मोराचा निघाला.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, की मेलेल्या माव्यातून निघाला म्हणून तो माव्याचा मारेकरी ठरत नाही.

तुमच्या हिरव्यांच्या मिशा फोटोत स्पष्ट दिसतात. कोपरासारख्या मधोमध वाकलेल्या. काळसर माशीच्या मिशा दोऱ्यासारख्या सरळ लांब. हिरवी चकाकी, वाकलेली मिशी, खडबडीत भोक आणि इतरांपेक्षा चार दिवस उशिरा येणं, या सगळ्यावरून ती टेरोमॅलिडी कुळातली आहे आणि बहुधा ‘पॅकिन्यूरॉन’. कोबी-मोहरीच्या माव्याच्या ममीतून ती नेहमी निघते. ‘असॅफीस’ नावाची तिची एक बहीणही याच धंद्यात आहे. फोटोवरून याहून पुढे मी जात नाही.

काळसर माशीबद्दल मात्र जास्त सांगता येईल. ती ब्रॅकोनिडी कुळातल्या ॲफिडीनी उपकुळातली. या उपकुळाचं वैशिष्ट्य असं, की त्यातल्या सगळ्याच्या सगळ्या माश्या माव्यावरच वाढतात, दुसरं काही यांना चालत नाही. नावाला माशी म्हणतो, पण खऱ्या माशीला दोन पंख असतात आणि हिला चार. नातं सांगायचं तर गांधीलमाशी आणि मुंगी यांच्याशी. म्हणून तुमचं ‘उडणारी मुंगी’वालं ॲप अगदीच मूर्ख नव्हतं. फळमाशीवाल्याची मात्र कीव येते.

जात ठरवायला मी तीन गोष्टी बघितल्या. पहिली, पीक आणि मावा. कोबीवर राखाडी, पीठ लावल्यासारखा मावा म्हणजे कोबीवरचा मावा, ब्रेव्हिकोरायनी ब्रॅसिकी. मोहरीवर जास्त करून हिरवट लायपॅफिस असतो. दोघांवर येणारी ॲफिडीनी माशी आपल्याकडे मुख्यतः एकच. दुसरी गोष्ट ममी : पानाला सपाट चिकटलेली, पिवळट तपकिरी, कागदासारखी. तिसरी आणि खरी निर्णायक म्हणजे पुढचा पंख. तुमच्या सहाव्या फोटोत माशी काचेला टेकून बसली आहे आणि मागून उजेड आहे, त्यामुळे पंख पारदर्शक दिसतो. त्याच्या पुढच्या कडेला तिकोनी डाग आहे, त्यातून एक आखूड शीर निघते आणि संपते. पंखाचा मधला भाग कोरा, जणू कोणीतरी खोडरबराने शिरा पुसल्यात. ‘ॲफिडियस’ ही जी जास्त ओळखीची प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) आहे, तिच्या पंखात मध्यभागी शिरांची चौकट राहते. इथे ती नाही.

म्हणून माझं मत : डायरेटिएला रॅपी.

हे मत आहे, शिक्का नाही. पण या माशीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिचं वर्णन पहिल्यांदा १८५५ साली झालं. ‘रॅपी’ हे नाव सलगमावरून आलं, म्हणजे तुमच्या कोबीचा भाऊबंद. या भावकीच्या पानांत एक तिखट द्रव्य असतं, मोहरी वाटताना डोळ्यांत पाणी आणणारं तेच. माशी त्या वासाचा माग काढत येते. आधी मोहरीवर्गाचं झाड शोधते, मग त्यावर मावा आहे का बघते. आपण पाहुण्यांकडे जेवायला जाताना फोडणीचा वास आला की घर बरोबर आहे असं समजतो, तसलाच प्रकार. तरी ती हटवादी नाही. गव्हावरच्या माव्यावरही ती सापडते. ‘डायरेटिएला’ ही प्रजाती एकाच जातीची आहे, त्यामुळे पंख नीट दिसला तर प्रजाती ओळखली की जातही ओळखली, असा दुर्मीळ सोपेपणा इथे मिळतो. ॲफिडियसच्या बाबतीत असं सुख नाही. तिथे कमरेच्या पहिल्या खंडाच्या बाजूला बारीक रेघा आहेत की सुरकुत्या, मिशीत मणी किती, असं मायक्रोस्कोपखाली मोजत बसावं लागतं. परदेशात हरितगृहांसाठी ‘ॲफिडियस कोलेमानी’ नावाची माशी वर्षानुवर्षं विकली जाते. २०१४ साली अभ्यासकांनी बारकाईने बघितलं तर त्या एका नावाखाली तीन जाती निघाल्या. तेव्हा ॲपवर चिडू नका.

शिक्का हवा असेल तर नमुना पाठवावा लागेल. बेंगळुरूला भारतीय कृषी संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आहे, तिथे कीटक ओळखून देतात. जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागामार्फत गेलात तर सोपं पडेल. पण त्याआधी बरणीची पद्धत बदला. तुम्ही (आणि मी!) सगळ्या ममी एकत्र टाकल्या, तिथेच घोळ झाला. ममीभोवतीचं पान नखाएवढं कापायचं आणि एका बाटलीत एकच ममी. होमिओपॅथीच्या साबुदाणा गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या यासाठी उत्तम, तोंडाला कापसाचा बोळा. पान ओलं असेल तर आत बुरशी येते, म्हणून आधी तासभर सावलीत सुकवा. माशी निघाली की एक दिवस तशीच ठेवा, पंख ताठ होऊ द्या, मग अल्कोहोलमध्ये टाका. रिकामी ममी फेकू नका, तीही त्याच बाटलीत. आणि थोडा जिवंत मावाही वेगळ्या बाटलीत अल्कोहोलमध्ये घाला, कारण यजमान कोण हे कळल्याशिवाय पाहुण्याची ओळख अर्धवट राहते. गाव, तारीख, पीक हे कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. आमच्या विभागात असे निळे झालेले, निनावी नमुने कपाटभर होते.

राहिला प्लॉट. दहा झाडं धरा, प्रत्येकाची तीन-तीन पानं बघा, जिवंत मावा वेगळा आणि ममी वेगळ्या मोजा. चार दिवसांनी तीच झाडं पुन्हा. एक लक्षात ठेवा : ज्यांच्या पोटात अळी आहे पण अजून ममी झालेली नाही, असे मावे तुमच्या मोजणीत ‘जिवंत’ म्हणूनच येतील. म्हणजे दिसतं त्यापेक्षा काम पुढे गेलेलं असतं. ममींचा वाटा वाढत असेल तर हात लावू नका. फार माखलेली बाहेरची पानं काढायचीच असतील तर ती पेटवू नका, खड्ड्यातही पुरू नका. बांधावर सावलीला पाटीत टाकून ठेवा. पान सुकलं की मावा उपाशी मरतो, ममीतली माशी मात्र उडून प्लॉटमध्ये परत येते. मावा गड्ड्याच्या आत शिरायला लागला तर मात्र वाट बघू नका, पण सगळ्या ३० गुंठ्यांवर नको. जिथे आहे तिथेच, संध्याकाळी, ५ टक्के निंबोळी अर्क. जहाल औषधाने काय होतं, तर ममीच्या आतली अळी कदाचित वाचते, पण बाहेर येणारी माशी त्याच विषारी पानावर चालत सुटते. मावा मागे उरलेल्या दोन-चार माद्यांपासून पंधरवड्यात पुन्हा उभा राहतो. माशीला तितकं लवकर जमत नाही.

पुढच्या हंगामासाठी एक सांगते. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, ही बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची जुनी शिफारस आहे. ती मुळात चौकोनी ठिपक्याचा पतंग या कोबीवरच्या किडीसाठी, पण मावाही मोहरीवर गोळा होतो, आणि मोहरीच्या वासावर कोण येतं ते आता तुम्हाला माहीत आहे.

हिरव्या माश्यांचं काय करायचं, असं तुमच्या मनात आलं असेल. काही नाही. त्यांना मारायला जाल तर दोन्ही मरतील. फक्त हंगामाच्या शेवटी वेड्यावाकड्या भोकांच्या ममी वाढलेल्या दिसल्या, तर ममी पुष्कळ दिसतात म्हणून निर्धास्त राहू नका, इतकंच.

प्रश्न : वाळवा तालुक्यात आमचा ऊस आहे. २००२ साली आमच्याकडे उसावर पांढरा लोकरी मावा पडला, तेव्हा मी कॉलेजात होतो. पानं खालून कापूस लावल्यासारखी आणि वरून काजळी धरलेली, वैरणही जनावरं खाईनात. नंतर कारखान्याने ‘कोनोबाथ्रा’ वाटला आणि पुढे एक बारीक माशीही सोडली असं ऐकलं. ती माशी म्हणजे तुम्ही मागे लिहिलेली ममीवालीच का? दोन-तीन वर्षांत पांढरा मावा गेला तो कोणामुळे?
— एक ऊस उत्पादक, वाळवा तालुका

उत्तर : नाही, ती वेगळ्या घराण्यातली. तिचं नाव एन्कार्सिया फ्लॅव्होस्क्युटेलम, कुळ ॲफेलिनिडी. लांबीला जेमतेम मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे साध्या डोळ्यांना पानावरचा चालता ठिपका वाटेल. या प्रजातीतल्या बहुतेक माश्या पांढऱ्या माशीवर जगतात. माव्यावर जाणाऱ्या थोड्या, त्यातली ही एक. लोकरी मावा ईशान्य भारतात जुना रहिवासी आहे, म्हणून त्याचे शत्रूही तिथेच शोधले गेले. आसाममधून ही माशी आणून महाराष्ट्र-कर्नाटकात सोडली आणि ती इथे रुजली.

तुमचा कोनोबाथ्रा म्हणजे माशी नव्हे, एका पतंगाची मावाखाऊ अळी. आता तिचं शास्त्रीय नाव डिफा आहे, पण सांगली-कोल्हापूरकडे अजून कोनोबाथ्राच म्हणतात आणि मला ते आवडतं. ती माव्याच्या वसाहतीत जाळं विणून, आत बसून त्यांना फस्त करते. तिसरा मायक्रोमस, तपकिरी जाळीदार पंखांचा मावाखाऊ कीटक. गेला कोणामुळे याचं उत्तर तिघांत वाटून द्यावं लागेल. सुरुवातीला डिफा आणि मायक्रोमस यांनी हाणलं, नंतर एन्कार्सियाने मावा पुन्हा डोकं वर काढू दिला नाही. त्या वर्षांत ज्यांनी घाबरून फवारण्यांचा सपाटा लावला, त्यांच्या फडात हे तिघंही टिकले नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि बारा फुटी उसात शिरून फवारणाऱ्या मजुरांचे हालही.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या घराजवळ रुईच्या झाडावर पिवळाधमक मावा आहे आणि त्यात सोनेरी फुगलेल्या ममी आहेत. जास्वंदीवर पण मावा आहे, पण तिथल्या ममी काळ्या आणि बारीक आहेत. मला विज्ञान प्रकल्पासाठी दोन्ही घ्यायच्या आहेत. काळ्या म्हणजे जुन्या झालेल्या का? आणि त्या माश्या चावतात का?
— एक विद्यार्थिनी, फोंडा, गोवा

उत्तर : काळ्या म्हणजे जुन्या नव्हेत, हे तुला शंका आली म्हणून लगेच सांगते. ममीचा रंग आत कोण आहे त्यावर ठरतो. सोनेरी-तपकिरी, टुम्म फुगलेली ममी बहुतेक वेळा ॲफिडीनीची. काळी, सडपातळ, माव्याचा मूळ आकार राखलेली ममी बहुतेक वेळा ‘ॲफेलिनस’ची, म्हणजे वरच्या उत्तरातल्या उसाच्या माशीची चुलत बहीण. मी ‘बहुतेक वेळा’ दोनदा म्हटलं, कारण ॲफिडीनीतही ‘एफेड्रस’ नावाची एक आहे जी काळीच ममी करते. आणि ‘प्राऑन’ म्हणून एक आहे, ती माव्याच्या आत कोश न विणता त्याच्या खाली विणते. मावा रेशमी ओट्यावर ठेवल्यासारखा दिसतो. तसा सापडला तर मला नक्की कळव, मला अजून फोटो काढायला तो नीट मिळालेला नाही.

प्रकल्पात नुसत्या ममी चिकटवू नकोस, त्यात काय मजा? सकाळी ऊन आल्यावर जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यापाशी अर्धा तास बस. ॲफेलिनस इतकी लहान की तू तिला आधी धूळ समजशील, पण धूळ उडी मारत नाही, ही मारते. उडण्यापेक्षा हिला चालायला आणि उड्या मारायला आवडतं. मावा सापडला की ती त्याच्यासमोर उभी राहते, मग गर्रकन पाठ फिरवते आणि मागे सरकत सरकत टोचते, ट्रक रिव्हर्स घेतल्यासारखी. रुईवरची पोट पायांखालून पुढे आणून टोचेल. हा फरक डोळ्यांनी पाहिलास तर तुझ्या वर्गात कोणाकडे नसेल असा पुरावा तुझ्या वहीत असेल. ॲफेलिनसची आणखी एक सवय बघ : काही माव्यांत ती अंडं घालत नाही, टोचलेल्या भोकातून येणारा रस पिऊन टाकते. ते मावे ममी न होताच मरतात.

चावत नाहीत. नांगी आहे, पण ती माव्याच्या मापाची, आपल्या कातडीत शिरत नाही. खरी भीती रुईच्या चिकाची आहे. पान तोडताना तो डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, म्हणून पान मोठ्या माणसाकडून कापून घे आणि हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नकोस. दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या ठेव, एका बाटलीत एकच ममी, वर जुन्नरच्या दादाला लिहिलंय तसं. अल्कोहोल शाळेतल्या बाईंकडून, थोड्याच नमुन्यांपुरतं. बाकीच्या माश्या मोजून झाल्या की रुईवरच्या रुईवर आणि जास्वंदीवरच्या जास्वंदीवर सोडून दे.